पहिल्या वर्षाचं प्रोग्रॅमिंग – पेपर, जर्नल, प्रॅक्टिकल, व्हायवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲडमिशन झाल्यापासून ते पहिल्या सबमिशनपर्यंत हेच प्रश्न फिरून फिरून येतात, थोडे मुलांचे थोडे पालकांचे, म्हणून सगळे एका जागी टाकलेत. मी स्वतः पहिल्या वर्षाची लॅब घेतो आणि अधूनमधून दुसऱ्या कॉलेजला एक्स्टर्नल (बाहेरून येणारा परीक्षक) म्हणून जातो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं तेही मधेमधे आलंय. जास्त करून मुंबई आणि पुणे विद्यापीठाचं आहे, डिप्लोमाचं जिथे वेगळं आहे तिथे सांगितलंय.

१. पहिल्या वर्षाला नक्की कोणती लँग्वेज असते, सी का पायथन? प्रत्येक सीनियर वेगळं सांगतो.

सगळे खरंच सांगत असतात, फक्त प्रत्येकजण आपापल्या बॅचचं सांगतो. पुणे विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या २०१९ पॅटर्नला (म्हणजे त्या वर्षी लागू झालेल्या अभ्यासक्रमाला) 'प्रोग्रॅमिंग अँड प्रॉब्लेम सॉल्व्हिंग' हा विषय पायथनमधून होता, २०२४ पॅटर्न आला आणि पहिल्या सेमला 'फंडामेंटल्स ऑफ प्रोग्रॅमिंग लँग्वेजेस'मधून सी परत आली. मुंबईत नाव बदललं, लँग्वेज नाही: आधी 'स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंग ॲप्रोच' होतं, २०१९च्या सिलॅबसमध्ये सरळ 'सी प्रोग्रॅमिंग' झालं, दोन्ही सीच. डिप्लोमाला कॉम्प्युटर ग्रुपला दुसऱ्या सेमला 'प्रोग्रॅमिंग इन सी'. आयआयटी मुंबईत सीएस १०१ बरीच वर्षं सी++ मधून शिकवतात. आणि कॉलेज ऑटोनॉमस असेल तर वरचं काहीच धरून चालू नका, त्यांचा सिलॅबस त्यांचा. विद्यापीठाच्या साइटवरून आपल्या पॅटर्नची पीडीएफ काढा आणि मगच पुस्तक विकत घ्या, अप्पा बळवंत चौकातून आणलेलं पुस्तक जुन्या पॅटर्नचं निघालं असं सांगणारी मुलं दर वर्षी असतात.

२. मी मेकॅनिकलला आहे (सिव्हिलवाले पण विचारतात), मला हे कशाला?

कारण पहिलं वर्ष सगळ्या ब्रँचना जवळपास कॉमन असतं आणि एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) २०१८ साली जो मॉडेल सिलॅबस काढला त्यात 'प्रोग्रॅमिंग फॉर प्रॉब्लेम सॉल्व्हिंग' सगळ्यांनाच ठेवलंय. पुढे न्यूमेरिकल मेथड्स, मॅटलॅब, प्रोजेक्टचा डेटा, कुठे ना कुठे हे लागतंच. पेपर सगळ्यांना एकच असतो, मेकॅनिकल आहे म्हणून कोणी सोपा तपासत नाही.

३. बारावीला बायफोकल कॉम्प्युटर नव्हतं, पीसीएम आणि बायो होतं. बाकीच्यांना सगळं येतं असं वाटतंय, मी मागे पडेन का?

पहिला महिना वाटेल तसं. बायफोकलवाल्यांनी सी++ आणि एचटीएमएल केलेलं असतं, ८०८५ मायक्रोप्रोसेसर पण, त्यामुळे इफ-एल्स आणि फॉर लूपपर्यंत ते वर्गात आरामात बसलेले दिसतात. मग फंक्शन येतं, ऍरे फंक्शनला पाठवणं येतं, रिकर्शन येतं, आणि तिथे सगळे एका रांगेत येतात. उलट मी बघतो की बायफोकलवाल्या काही मुलांना पाठ केलेला प्रोग्राम लिहायची सवय असते आणि प्रश्न जरा फिरवला की ती अडकतात. तुम्ही नवीन असाल तर एकच करा, पहिले चार आठवडे लॅब बुडवू नका.

४. मार्क कशाकशाचे असतात? टर्मवर्क, इंटर्नल, ओरल सगळं ऐकून गोंधळ झालाय.

मुंबईच्या २०१९च्या सिलॅबसमध्ये लेखी १०० पैकी ८० विद्यापीठाची परीक्षा आणि २० इंटर्नल, पास व्हायला ४० टक्के, म्हणजे ८० पैकी ३२ आणि २० पैकी ८, दोन्हीकडे वेगवेगळे लागतात, बेरीज करून चालत नाही. पुण्यात २०१९ पॅटर्नला ३० ची इन-सेम (सेमच्या मधे) आणि ७० ची एंड-सेम (सेमच्या शेवटी). याशिवाय टर्मवर्क (सेमभराचं लॅबचं काम आणि सबमिशन) आणि प्रॅक्टिकल किंवा ओरल (म्हणजेच व्हायवा, तोंडी परीक्षा) हे वेगळे हेड, म्हणजे मार्कांचे वेगळे भाग, त्यात पास वेगळं व्हावं लागतं. नवीन एनईपी (राष्ट्रीय शैक्षणिक धोरण) पॅटर्नमध्ये आकडे बदललेत, कॉलेजकडचा वाटा वाढलाय, त्यामुळे तुमच्या पीडीएफमधला तक्ता बघा.

पण आकड्यांपेक्षा हे समजून घ्या की या तीन ठिकाणी तुमच्या तीन वेगळ्या गोष्टी तपासल्या जातात. पेपरात बघतात की मशीन समोर नसताना प्रोग्राम डोक्यात चालतो का. टर्मवर्कमध्ये, खरं सांगायचं तर, तुम्ही नियमित आलात का आणि सबमिशन वेळेत केलंत का. आणि प्रॅक्टिकल-व्हायवात बघतात की हे तुमचं आहे का. एकाची तयारी दुसऱ्याला पुरत नाही, आणि बहुतेक मुलं तिन्हीची तयारी एकाच पद्धतीने करतात, म्हणजे पाठ करून. पुढचे अर्धे प्रश्न त्यातूनच आलेत.

५. प्रोग्राम कॉम्प्युटरवर लिहायची गोष्ट आहे, मग परीक्षेत कागदावर का लिहायला लावतात? हे मागासलेपण नाही का?

अर्धं आहे, अर्धं नाही. मागासलेपणाचा भाग असा की हजारो मुलांची एकाच दिवशी मशीनवर परीक्षा घेण्याएवढी लॅब, वीज, नेटवर्क नसतं, म्हणून कागद. यात काही थोर तत्त्व नाहीये. पण दुसरी बाजू पण खरी आहे. मशीनवर नवशिक्या मुलगा काय करतो ते मी रोज बघतो: चालत नाही म्हणून ग्रेटर दॅनचं लेस दॅन करतो, तरी नाही, मग एकला शून्य करतो, रन करतो, आउटपुट आलं की हात वर. का चाललं ते त्यालाही माहीत नसतं. कागदावर हा जुगार चालत नाही, तिथे लूप कितीवेळा फिरणार हे आधी कळावं लागतं.

माझं मत विचाराल तर २० ओळींपर्यंतचे प्रोग्राम कागदावर विचारावेत, त्याच्यापुढचे नाही. फाइल हँडलिंगचा पानभर प्रोग्राम हाताने लिहायला लावण्यात फक्त पाठांतर तपासलं जातं.

तयारी अशी करा की आधी कागदावर लिहायचं, मग तेच्या तेच टाइप करायचं, एक अक्षर न सुधारता, आणि किती एरर येतात ते बघायचं. दोन आठवड्यात फरक दिसतो.

६. पेपरात सेमीकोलन राहिला तर पूर्ण प्रोग्राम चुकीचा धरतात का?

नाही. दहा मार्कांच्या प्रोग्राममध्ये एखाद्या सेमीकोलनवरून कोणी शून्य देत नाही, फार तर अर्धा मार्क. प्रत्येक ओळीला नसेल तर मात्र तपासणाऱ्याला कळतं की यांनी कधी टाइपच केलेलं नाही. डिप्लोमावाल्यांना तर याबद्दल चक्क लेखी आधार आहे, एमएसबीटीईच्या (डिप्लोमाच्या बोर्डाच्या) मॉडेल आन्सरच्या पहिल्या पानावर परीक्षकांसाठी सूचना असतात, त्यात म्हटलेलं असतं की उत्तर शब्दाला शब्द जुळायची गरज नाही आणि प्रोग्रॅमिंगच्या पेपरात त्याच संकल्पनेवरचा दुसरा कुठलाही प्रोग्राम असला तरी मार्क द्यावेत. म्हणजे पुस्तकातलाच प्रोग्राम हवा ही भीती काढून टाका. ती मॉडेल आन्सर बोर्डाच्या साइटवर फुकट असतात, जरूर बघा.

मार्क जातात ते इथे: व्हेरिएबल डिक्लेअरच नाही, लूपची अट चुकलेली, फंक्शन लिहिलंय पण मेनमधून बोलावलंच नाही, कंस उघडलेत पण बंद नाहीत. आणि खाली एक नमुना इनपुट-आउटपुट लिहा, दोन ओळी लागतात. गठ्ठा तपासणाऱ्या माणसाला तुमचा प्रोग्राम काय करतो ते लगेच दिसलं की त्याचाही मूड बरा राहतो.

७. 'आउटपुट सांगा' मध्ये माझे सगळे मार्क जातात. प्रोग्राम लिहिता येतो पण दुसऱ्याचा वाचता येत नाही, असं कसं?

असं फार जणांचं असतं आणि त्याच्यावर अभ्यास पण झालेत. २००४ साली रेमंड लिस्टर आणि बाकी मंडळींनी वेगवेगळ्या देशांतल्या नवशिक्या विद्यार्थ्यांना छोटे छोटे प्रोग्राम वाचून उत्तर द्यायला लावलं, तेव्हा दिसलं की बऱ्याच जणांना लिहिणं दूर, समोरचा कोड ओळीमागून ओळ नीट ट्रेसच करता येत नाही. मग लिहिता येतो असं का वाटतं? कारण तुम्ही लिहिता तो ओळखीचा प्रोग्राम असतो, प्राइम नंबर, फिबोनाची, पॅलिंड्रोम. हात आपोआप चालतो.

ड्राय रन (मशीनशिवाय, हाताने प्रोग्राम चालवून बघणं) शिका, मनात नाही, वहीत. प्रत्येक व्हेरिएबलला एक उभा रकाना आणि लूपच्या प्रत्येक फेरीला एक आडवी ओळ, व्हॅल्यू बदलली की खाली नवीन लिहायची, वरची खोडायची नाही. कंटाळवाणं आहे पण याला पर्याय मला तरी माहीत नाही. आणि सापळे ठरलेले असतात. फॉर लूप आहे, आय १ पासून ५ पर्यंत, आणि फॉरच्या कंसानंतर लगेच सेमीकोलन आहे, खाली प्रिंटएफ आय. घाईत सगळे १ २ ३ ४ ५ लिहितात. उत्तर आहे फक्त ६, कारण सेमीकोलनमुळे लूप रिकामाच फिरतो आणि आय ६ झाल्यावर अट मोडते. तसंच सीमध्ये ५ भागिले २ म्हणजे २, पायथनमध्ये २.५. तसंच इफच्या कंसात दोन बरोबरऐवजी एकच बरोबर. हे तीन तर धरूनच चाला. आय++ वाले विचित्र प्रश्न वेगळे आहेत, ते प्रश्न १५ मध्ये.

८. लॅबमध्ये अजून टर्बो सीची निळी स्क्रीन आहे, घरी कोडब्लॉक्स. इथला प्रोग्राम तिथे चालत नाही, काय करू?

टर्बो सी हे बोरलँडचं डॉसच्या काळातलं सॉफ्टवेअर, आता ते डॉसबॉक्समध्ये कोंबून चालवतात. बदलत का नाहीत? सर लोकांची सवय, जुनी मॅन्युअल्स, आणि चालतंय ना मग हात कशाला लावा. मला हे पटत नाही, पण तुमच्या हातात नाहीये, म्हणून फरक समजून घ्या.

कोनिओ डॉट एच, क्लिअरस्क्रीन, गेटसीएच हे टर्बोचे लाड आहेत, स्टँडर्ड सीचा भाग नाहीत, घरच्या कंपायलरला (प्रोग्राम मशीनला समजेल असा करून देणारं सॉफ्टवेअर) क्लिअरस्क्रीन माहीतच नसतं. व्हॉइड मेन टर्बोत चालतं, स्टँडर्डप्रमाणे इंट मेन आणि शेवटी रिटर्न ०. पेपरात इंट मेन लिहा, त्याचे मार्क कापलेले मी तरी पाहिले नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ इंटचा (पूर्णांक ठेवणाऱ्या व्हेरिएबलचा) होतो. टर्बोत इंट २ बाइटचा, म्हणजे ३२७६७ पर्यंत. फॅक्टोरियलचा प्रोग्राम लिहिलात आणि ८ टाकलात तर खरं उत्तर ४०३२० इंटमध्ये मावत नाही आणि स्क्रीनवर -२५२१६ येतं. मुलं लॉजिक शोधत बसतात, लॉजिक बरोबर असतं. घरी जीसीसीवर (कोडब्लॉक्ससोबत येणारा कंपायलर) इंट ४ बाइटचा म्हणून १२ पर्यंत ठीक चालतं आणि १३ ला बिघडतं, तिथे ६२२७०२०८०० ऐवजी १९३२०५३५०४ दिसतं. व्हायवाला 'इंट किती बाइटचा' विचारलं तर 'कंपायलरवर अवलंबून, टर्बोत २, जीसीसीत ४' हे उत्तर द्या, यावर एक्स्टर्नल बहुतेक वेळा खूश होतो.

९. जर्नल हाताने लिहायचं का प्रिंटआउट चालतात? आणि एवढं महत्त्व का त्याला?

कॉलेजवर आहे, कुठे हाताने, कुठे प्रोग्राम हाताने आणि आउटपुटची प्रिंट चिकटवून, कुठे सगळंच ऑनलाइन. पुणे विद्यापीठाच्या बीएस्सी सीएस आणि बीबीए-सीएवाल्यांना छापील लॅबबुक असतं, त्यात सेट ए, सेट बी, सेट सी असे सोप्यापासून अवघडपर्यंत प्रोग्राम आणि प्रत्येक असाइनमेंटला ० ते ५: ० म्हणजे केलंच नाही, २ म्हणजे उशिरा पूर्ण, ५ म्हणजे उत्तम. मला ही पद्धत बरी वाटते, निदान मुलाला कळतं की मार्क कुठे गेला.

महत्त्व यासाठी की सर्टिफाइड जर्नल नसेल तर प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत, मुंबईच्या बीएस्सी आयटी-सीएसच्या सिलॅबसमध्ये हे छापलेलंच असतं. इंडेक्सवर तारखा, प्रत्येक प्रयोगाला सही, पुढे सर्टिफिकेटवर एचओडींची सही आणि कॉलेजचा शिक्का. सह्या दर आठवड्याला घ्या. सबमिशनच्या आदल्या दिवशी स्टाफरूमबाहेर रांग असते आणि त्या दिवशी सर नेमके मीटिंगमध्ये असतात.

१०. मित्राचा प्रोग्राम कॉपी करून व्हेरिएबलची नावं बदलली तर कळतं का?

कळतं. नावं बदलणं ही पहिली गोष्ट सगळेच करतात. मॉस नावाचं एक टूल आहे, स्टॅनफर्डच्या ॲलेक्स एकन यांनी १९९४ मध्ये बनवलेलं, ते नावं आणि स्पेस बघतच नाही, प्रोग्रामची रचना जुळवतं. आपल्याकडे फार कमी कॉलेजं ते वापरतात, पण गरजही पडत नाही. वीस जणांच्या बॅचमध्ये सहा जणांच्या प्रिंटएफमध्ये 'एंटर द नंबर'मधल्या नंबरचं स्पेलिंग एकसारखंच चुकलं असेल तर टूल कशाला हवंय.

एकत्र बसून करणं वेगळं, ते चांगलंच आहे. कसोटी साधी: मित्र उठून गेला की तुम्हाला तो प्रोग्राम रिकाम्या स्क्रीनवर परत लिहिता येतो का.

११. चॅटजीपीटीने केलेलं चालतं का? सरांना कळतं का?

२०२२च्या नोव्हेंबरमध्ये ते आल्यापासून टर्मवर्कचे मार्क जवळपास निरर्थक झालेत, हे मी उघड म्हणतो. कळतं का, तर पहिल्या वर्षाला बहुतेकदा कळतं, कारण दुसऱ्या आठवड्यातल्या मुलाच्या प्रोग्राममध्ये अचानक ट्राय-एक्सेप्ट, एफ-स्ट्रिंग, वर नीटनेटकी इंग्रजी कॉमेंट आणि न शिकवलेली लायब्ररी दिसते. एआय पकडणारी टूल्स छोट्या प्रोग्रामवर भरवशाची नाहीत, म्हणून आम्ही टूल वापरत नाही, समोर बसवून दोन ओळी बदलायला सांगतो. तीस सेकंदात कळतं.

नियम कॉलेजप्रमाणे, आधी विचारून घ्या. एरर समजून घ्यायला वापरलंत तर माझी हरकत नाही, पण 'हा एरर म्हणजे काय' असं विचारा, 'दुरुस्त करून दे' असं नको. पेपर आणि प्रॅक्टिकलला ते सोबत नसणार.

१२. प्रॅक्टिकल परीक्षेत 'स्लिप' म्हणजे काय? सगळ्या स्लिपा पाठ केल्या तर झालं ना?

पुण्याकडे बीसीए, बीएस्सी सीएसला हा प्रकार आहे. ठरलेल्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या असतात, परीक्षेला तुम्हाला एक मिळते, तिच्यावरचे प्रोग्राम करायचे. स्लिपा आधीच माहीत असतात आणि नेटवर सोडवलेल्याही मिळतात, त्यामुळे पाठांतराचा बाजार जोरात. मुंबईत बीएस्सी आयटीला बरीच वर्षं ५० मार्कांचं प्रॅक्टिकल होतं, त्यात ४० प्रोग्रामचे, ५ जर्नलचे, ५ व्हायवाचे.

पाठ करून पास व्हाल, बरेच होतात. फक्त एक होतं, पाठ केलेल्या प्रोग्रामात एक ओळ विसरली की पुढचं सगळं अडतं, कारण ती ओळ का होती तेच माहीत नसतं. आणि एक्स्टर्नल जागा असेल तर स्लिपवरचा प्रश्न तिथल्या तिथे थोडा वळवतो: चढत्याऐवजी उतरत्या क्रमाने करा, पाचऐवजी युझर सांगेल तेवढे आकडे घ्या. स्लिपा वापराच, पण प्रत्येकीत स्वतः एक बदल करून बघा.

१३. प्रॅक्टिकलला प्रोग्राम रनच झाला नाही तर नापास?

नाही, नुसतं तेवढ्यासाठी नाही. आधी कागदावर अल्गोरिदम किंवा प्रोग्राम लिहून घेतात, त्याचे मार्क असतात, मग टाइपिंग, मग आउटपुट, मग व्हायवा. एरर येत असेल तर पहिला एरर वाचा, शेवटचा नाही, खालचे वीस एरर बऱ्याचदा त्या एकामुळेच आलेले असतात. पायथनवाल्यांचं ठरलेलं: इनपुटने घेतलेली गोष्ट स्ट्रिंग असते, १२ आणि ५ ची बेरीज १२५ आली की इंट लावायचं राहिलंय.

वेळ संपत आली तर प्रोग्राम छोटा करा. पूर्ण मेनू चालत नाही ना, एक पर्याय चालू करून दाखवा आणि बाकीचं काय करणार होतात ते तोंडी सांगा. कोरी स्क्रीन आणि खाली मान, याला मात्र मार्क देता येत नाहीत.

१४. व्हायवाला काय विचारतात? आणि इंग्रजी कच्चं आहे, मराठीत उत्तर दिलं तर चालतं का?

तुमच्या समोर जो प्रोग्राम उघडा आहे त्यावरच जास्त. इथे लेस दॅन इक्वलऐवजी नुसतं लेस दॅन केलं तर काय होईल? ऍरे शून्यापासून का सुरू होतो? स्कॅनएफमध्ये & का लागतं, आणि स्ट्रिंग घेताना का नाही लावलं? फंक्शनमध्ये व्हॅल्यू बदलली पण मेनमध्ये का नाही बदलली? ब्रेक आणि कंटिन्यूत फरक काय? व्याख्या विचारणारे पण असतात, पण सहसा पहिला प्रश्न सोपा म्हणून.

येत नसेल तर 'सर, हे नाही येत' म्हणा, पुढचा प्रश्न मिळतो. गोल गोल बोललात तर त्याच प्रश्नात आणखी खोल जातात.

मराठीचं म्हणाल तर महाराष्ट्रातल्या कॉलेजात बहुतेक एक्स्टर्नल 'मराठीत सांग' असं स्वतःच म्हणतात, 'सर, मराठीत सांगू का' असं आधी विचारलं की झालं. लूप, ऍरे, फंक्शन, पॉइंटर हे शब्द तसेच ठेवा, मधलं मराठीत. २०२१ पासून एआयसीटीईने भारतीय भाषांतून इंजिनिअरिंगला परवानगी दिलीय आणि पुण्यात मराठीतून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग सुरूही झालंय. आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी, सी++ आणि पायथनचे मराठी व्हिडिओ फुकट आहेत, छोटे छोटे, ऐकत ऐकत सोबत टाइप करायचे, गावाकडून आलेल्या मुलांना मी पहिल्यांदा तेच सांगतो.

१५. पेपरात आय++, ++आय एकाच प्रिंटएफमध्ये विचारलं होतं. क्लासच्या सरांचं उत्तर वेगळं, माझ्या लॅपटॉपवर वेगळं. बरोबर कोण?

कोणीच नाही, प्रश्नच चुकीचा आहे. आय ५ आहे आणि एकाच प्रिंटएफला आय, आय++, ++आय असे तिन्ही दिलेत (++ म्हणजे आय एकाने वाढवणं). टर्बो उजवीकडून डावीकडे जातं, ७ ६ ६ छापतं. जीसीसीवर बऱ्याचदा ७ ६ ७ येतं, क्लँग नावाच्या आणखी एका कंपायलरवर ५ ५ ७. तिघांपैकी कोणाचंही चुकलेलं नाही, कारण सीच्या स्टँडर्डने यातला क्रम ठरवूनच दिलेला नाही, एकाच व्हेरिएबलला मधे विराम नसताना दोनदा बदललंत तर काहीही येऊ शकतं असंच ते म्हणतं. तरी हे प्रश्न पेपरात येत राहतात, जुन्या पुस्तकांतून उचललेले असतात.

करायचं काय? पेपरात टर्बोचं उत्तर लिहा, कारण मॉडेल आन्सरमध्ये बहुधा तेच असतं, आणि खाली एक ओळ टाका की स्टँडर्डप्रमाणे हे ठरलेलं नाही, कंपायलरवर अवलंबून. चांगला तपासनीस दोन्हीला मार्क देतो. एकटा आय++ किंवा एकटा ++आय असेल तर मात्र उत्तर पक्कं असतं, तिथे ही पळवाट नाही.

१६. लेखीत ६० आहेत पण प्रॅक्टिकलला नापास केलंय. रिव्हॅल्युएशन होतं का?

लेखीचं होतं, फोटोकॉपी पण मिळते. प्रॅक्टिकल, ओरल, टर्मवर्कचं साधारणपणे नाही, कारण परत तपासायला कागदच नसतो. वेगळा हेड असल्यामुळे (प्रश्न ४) तेवढ्याच हेडची केटी (राहिलेल्या विषयाची परत परीक्षा) लागते, लेखीचे मार्क जात नाहीत. गैरहजर लागलंय आणि तुम्ही हजर होतात, अशी चूक असेल तर ते रिव्हॅल्युएशन नाही, ती नोंदीची दुरुस्ती आहे, हजेरीपटावरची सही दाखवून कॉलेजच्या परीक्षा विभागाकडून लगेच अर्ज करा.

१७. एनपीटीईएलचा सीचा कोर्स केला तर कॉलेजच्या विषयातून सूट मिळते का?

आपोआप नाही. यूजीसीच्या २०२१च्या नियमांप्रमाणे स्वयम् वरून (सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल, एनपीटीईएलचे कोर्स तिथेच असतात) ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घेता येतात, पण कुठल्या विषयाऐवजी कुठला कोर्स हे तुमच्या विद्यापीठाने आधी मान्य केलेलं लागतं, कोर्स संपल्यावर सर्टिफिकेट नेऊन उपयोग नाही. सर्टिफिकेटला असाइनमेंटचे २५ पैकी किमान १० आणि परीक्षेचे ७५ पैकी किमान ३० लागतात. सूट नाही मिळाली तरी त्यांच्या दर आठवड्याच्या असाइनमेंट चांगल्या असतात, आउटपुट सांगाच्या तयारीला तर फारच.

१८. माझी मुलगी बारावीपर्यंत हुशार होती, आता म्हणते प्रोग्रॅमिंग माझ्या डोक्यातच शिरत नाही. ब्रँच चुकली का?

पहिल्या सेमवरून ब्रँच ठरवू नका. ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही, बेनेडसेन आणि कॅस्परसन यांनी २००७ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांकडून आकडे मागवले तेव्हा प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या कोर्समध्ये सरासरी ३३ टक्के मुलं पास होत नाहीत असं निघालं. बारावीपर्यंत वाचून, सोडवलेली उदाहरणं बघून मार्क मिळतात. इथे वाचलेलं सगळं समजतं आणि कोरी स्क्रीन आली की काही सुचत नाही, आणि हुशार मुलांना हा अनुभव पहिल्यांदाच येत असल्यामुळे ती जास्त घाबरतात. नवीन क्लास लावायच्या आधी तिला विचारा की स्वतःच्या हाताने, न बघता, आठवड्यात किती प्रोग्राम टाइप करते. उत्तर बहुतेकदा 'एकही नाही' असतं. तिथून सुरू करा, आणि घरी लॅपटॉप नसेल तर लॅब असिस्टंटना भेटा, रिकाम्या तासाला बसू देतात.

१९. माझी केटी राहिली आणि मधेच पॅटर्न बदलला. आता पायथन द्यायचं का सी?

नवीन पॅटर्न आला तरी जुन्या पॅटर्नचे पेपर विद्यापीठ पुढचे काही अटेम्प्ट घेतं, तोपर्यंत तुम्हाला तुमचाच जुना विषय, जुन्याच लँग्वेजमध्ये. ते अटेम्प्ट संपले की समकक्ष विषयांची यादी लागते आणि त्यात जो विषय असेल तो द्यावा लागतो, लँग्वेज वेगळी असली तरी. फॉर्म भरताना विषयाचं नाव बघून टिक करू नका, कोड बघा, नावं सारखी असतात आणि चुकीचा कोड भरला तर हॉल तिकीट चुकीच्या पेपरचं येतं.

पायथनवरून सीकडे आलात तर आधी डिक्लेरेशन, & आणि स्ट्रिंग्ज पक्क्या करा. सीवरून पायथनकडे आलात तर इंडेंटेशन आणि भागाकार: सीमध्ये -७ भागिले २ म्हणजे -३, पायथनमध्ये डबल स्लॅशने -४, आणि हा प्रश्न आउटपुट सांगामध्ये येतो.